दर्शन की प्रदर्शन?

रविवारची मिस्सा आटोपली होती. चर्चच्या ओसरीवर आम्ही पाच-सात जण बाकांवर बसलो होतो आणि आमच्या हाती एक कागद होता. धर्मशिक्षणवर्गातील मुलांची सहल यंदा कोठे न्यावी, एवढाच विषय होता. तो फार वेळ घेईल असे कोणालाच वाटले नव्हते. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर; तेथील अजब बंगल्यात मुलांना पेंढा भरलेले पशुपक्षी आणि दगड होऊन गेलेले जीव पाहायला मिळतील; दुपारी एखाद्या झाडाखाली डबे सोडावेत आणि दिवेलागणीच्या सुमारास परतावे, अशी साधीच योजना होती. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि रविवारची मिस्सा चुकवायची नाही, म्हणून शनिवार धरला. कागदावर आम्ही लिहिले : बस, डबे, पाण्याचे पिंप, औषधांची पेटी, मुलांची नावे.

पण कागदाची घडी घालण्यापूर्वी तिघे जण बोलले. पहिले होते आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले एक आजोबा, दुसऱ्या एक शिक्षिका असलेल्या माता आणि तिसरा एक तरुण, जो एरवी सभेत बोलत नाही. त्या तिघांच्या बोलण्याने आमची साधी योजना साधी राहिली नाही. त्या रात्री आम्हांला झोप उशिरा लागली. सहलीची आखणी करताना आपण गाडीचे भाडे ठरवतो, वेळ ठरवतो. परंतु जे पाहायला निघालो आहोत ते पाहण्याचा आपला अधिकार काय आणि ते कोणत्या नजरेने पाहावे, हे आपण ठरवतो काय? हा प्रश्न केवळ आमच्या धर्मग्रामापुरता नाही, असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

ज्या वास्तूकडे आम्ही निघालो आहोत तिची ओळख आधी करून द्यायला हवी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय 1863 साली स्थापन झाले. मध्य प्रांत नुकताच बनला होता आणि सर रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त होते. आपल्या देशातील जुन्या संग्रहालयांत याची गणना होते. लोकांनी मात्र त्याचे सरकारी नाव बाजूला ठेवून त्याला ‘अजब बंगला’ म्हटले आणि तेच नाव टिकले. पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी, जीवाश्म, शिलालेख, मूर्ती, शस्त्रे आणि आदिवासी जीवनातील वस्तू असा त्याचा विविध संग्रह आहे. हा शेवटचा विभाग वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

आजोबांचा आक्षेप श्रद्धेविषयी होता. ते म्हणाले, “लेकरं आत्ता कुठे उत्पत्तीची गोष्ट शिकत आहेत. तुम्ही त्यांना कोट्यवधी वर्षांचे दगड दाखवणार. मग ती घरी येऊन विचारतील, सहा दिवसांचे काय? उत्तर कोण देणार?” आजोबांच्या बोलण्यावर एक-दोघे हसले. आम्हांला ते हसणे आवडले नाही. नातवंडाच्या श्रद्धेची काळजी करणारा माणूस हास्यास्पद नसतो.

तरीही त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आपल्याच घरात आहे. भूस्तरशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत निकोलस स्टेनो यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. ते 1638 साली कोपनहेगन येथे जन्मले. 1666 साली फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्यांच्याकडे तपासणीसाठी आले. त्या काळी खडकांत सापडणाऱ्या एका प्रकारच्या त्रिकोणी दगडांना लोक ‘जिभेचे दगड’ म्हणत आणि त्यांच्या उगमाविषयी नाना कल्पना करीत. स्टेनोंनी माशाचे दात पाहिले आणि ओळखले की ते दगड म्हणजे पुरातन माशांचेच दात आहेत. मग मासा डोंगरात कसा गेला, या प्रश्नाचा माग काढीत ते खडकांच्या थरांपर्यंत पोहोचले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम त्यांनी 1669 साली मांडला. हे संशोधन चालू असतानाच, 1667 साली त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. पुढे ते धर्मगुरू झाले, बिशप झाले, आणि 1988 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ज्याने दगडांचे वय वाचायला शिकवले तोच वेदीच्या सन्मानास पोहोचला.

संत अगुस्तीन यांनी तर पाचव्या शतकातच उत्पत्तीच्या ग्रंथावर भाष्य करताना बजावले होते की सृष्टीविषयी जे इतरांना अनुभवाने व बुद्धीने ठाऊक आहे त्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा आधार देऊन भलतेसलते बोलू नये. त्याने शास्त्राचीच अवहेलना होते. 1996 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात, उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ एक तर्क म्हणून बाजूला सारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा मुलांना घेऊन जाण्यात श्रद्धेला धोका नाही.

आणि दगडांचे वय पाहायला खरे तर नागपूरला जाण्याचीही गरज नाही. आपला जिल्हा ज्या खडकांवर वसला आहे ते साकोली आणि सौसर समूहांचे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे, काही त्याहूनही जुने आहेत. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत आपल्यांतील अनेकांचे वाडवडील याच खडकांत उतरले. त्यांत प्राण्याचे हाड सापडत नाही, कारण हाड असलेला प्राणीच तेव्हा निर्माण झालेला नव्हता. चंद्रपूरकडे वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी डायनोसॉरचे अवशेष मिळतात. ते सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपल्या खडकांच्या मानाने कालपरवाचे. ज्या दगडावर आमच्या आया कपडे धुतात तो डायनोसॉरहून कितीतरी वृद्ध आहे, हे मुलांना सांगितले तर ती भिणार नाहीत, उलट त्या दगडाकडे अदबीने पाहतील.

पण घरी परतल्यावर आम्हांला वाटू लागले की आजोबांच्या भीतीत एक खरा काटा आहे आणि पोपमहोदयांचे संदेश वाचून तो निघत नाही. आकड्यांनी मूल गोंधळत नाही, एकटेपणाने गोंधळते. माणूस जन्माला येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे असंख्य जीव जगले आणि नाहीसे झाले. ते कोणी पाहिले नाहीत, त्यांना कोणी नावे दिली नाहीत, त्यांचा कोणाला उपयोग झाला नाही. मग परमेश्वराने ते कशासाठी निर्माण केले? हा प्रश्न मुलाला पडेल तेव्हा त्याच्या शेजारी कोणी तरी उभे असले पाहिजे. ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर त्या दुःखी माणसाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही; तो त्याला सृष्टी दाखवतो. रानगाढव, शहामृग, गरुड, जलचर असे एकामागून एक प्राणी दाखवतो. त्यांतील बहुतेक माणसाच्या कामाचे नाहीत, आणि तेच त्या दर्शनाचे मर्म आहे. सृष्टी हे आपले कोठार नव्हे. आपण येण्यापूर्वी ती परमेश्वराला प्रिय होती. एखाद्या जीवाश्मापुढे उभे राहून हे मुलाला कळले, तर उत्पत्तीचा धडा बुडणार नाही, अधिक खोल जाईल. म्हणून आजोबांनी घरी बसू नये, मुलांबरोबर यावे, असे आमचे मत झाले.

शिक्षिकाबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणाल्या, “नागझिरा आपल्या दारात आहे, कोका आहे, पवनीकडे कऱ्हांडल्याचे जंगल आहे. जिवंत रान सोडून मुलांना मेलेली जनावरं कशाला दाखवता? कोणी तरी गोळी घातली, कातडे सोलले, आत पेंढा भरला आणि काचेचे डोळे बसवले. यातून मूल काय शिकणार?”

याला एक व्यावहारिक उत्तर त्याच बैठकीत मिळाले. अभयारण्यात फिरायच्या जिप्सीचे भाडे चार कुटुंबांनी वाटून घेतले तरी आपल्यांतील अनेकांना जड जाते, आणि एवढे करून वाघ दिसेलच असे नाही. संग्रहालयात मोलमजुरी करणाऱ्याचे मूलही गरुडाच्या नखापासून हातभर अंतरावर उभे राहू शकते. हे उत्तर खरे आहे, परंतु ते बाईंच्या प्रश्नाला भिडत नाही. त्यांनी खर्चाविषयी विचारलेच नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता, की एका हत्येचे फळ आपण निश्चिंत मनाने चाखावे काय?

येथे दोन घटना आठवतात. 1908 साली मुंबईत सालिम अली नावाच्या लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिले नाही. खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. त्या दुपारी भारताला त्याचा थोर पक्षितज्ज्ञ मिळाला. दुसरी घटना इंग्लंडमधील. बहिरी ससाण्यांची संख्या का घटते हे कळत नव्हते. डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील अंडी तपासली आणि 1967 साली दाखवून दिले की दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे शेतांवर डीडीटी येऊ लागल्यापासून, अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत. ती अंडी ज्यांनी घरट्यांतून चोरली त्यांच्या मनात पक्ष्यांचे भले नव्हते. तरीही ती कपाटात होती म्हणून विषाचा पत्ता लागला.

तर मग जुन्या शिकाऱ्यांचे कृत्य चांगले ठरले काय? नाही. चांगले निपजावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलापासून आलेली शिकवण आहे. आणि नंतर चांगले निपजले म्हणून आधीचे वाईट पुसले जात नाही. परंतु जे आधीच घडून गेले त्याचे फळ ज्यांच्या हाती आले त्यांचे काय? आपल्याकडच्या शेतीतले उदाहरण घेऊ. एखाद्याच्या आजोबांनी वर्षानुवर्षे शेजाऱ्याचा धुरा कोरला आणि दोन तासांची पट्टी आपल्या बांधीत घेतली. नातू निरपराध आहे. त्याने कुदळ उचलली नव्हती. पण त्या पट्टीत पिकलेला तांदूळ त्याच्या ताटात येतो. त्याला चोर म्हणणे अन्याय होईल. ‘माझा काय संबंध’ असे त्याने म्हणणे हाही अन्याय होईल. दोष आजोबांचा, ऋण मात्र नातवाचे. वारशात जमीन आली तशी देणीही आली.

संग्रहालयातील प्रत्येक मृत प्राणी आपल्यावर असे ऋण ठेवून गेला आहे. त्याची परतफेड त्याला करता येत नाही. त्याच्या जिवंत भाऊबंदांना करता येते. आपल्या आणि गोंदियाच्या भातशेतांत, मालगुजारी तलावांच्या काठी अजून काही सारस पक्षी उरले आहेत. तुडतुड्यावर फवारणी करताना हात आखडता घेणे, बांधीत घरटे दिसले तर तेवढा कोपरा सोडणे, बोडीत विष कालवून मासे न मारणे ही ती परतफेड आहे. असे काही न करता केवळ पाहून येणे म्हणजे उधारीच्या दुकानातून माल उचलून वहीत नोंद न करण्यासारखे आहे.

आणि मृत देहाकडे पाहण्याची रीत आपण कॅथलिकांनी तरी कोणाकडून शिकावी लागू नये. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष पुन्हा लोकांपुढे ठेवण्यात आले होते. काचेच्या पेटीपुढून जाणाऱ्या त्या रांगेत दोन तऱ्हेची माणसे असणार. ज्याला ‘पाहून आलो’ असे सांगायचे असते, त्याच्यासाठी ते प्रदर्शन. जो त्या शुष्क पायांकडे पाहून ते किती चालले असतील याचा विचार करतो आणि आपले पाय कोठे जातात हे स्वतःला विचारतो, त्याच्यासाठी ते दर्शन. पेटी तीच, देह तोच. प्रदर्शनात पाहणारा पाहिल्या वस्तूचा धनी होतो. दर्शनात पाहणाराच पाहिला जातो. अजब बंगल्यातील एखाद्या अस्वलाला आम्ही संतांच्या पंक्तीला बसवीत नाही. पण एकदा जगलेल्या, श्वास घेतलेल्या देहापुढे आवाज खाली आणावा, एवढे तर मुलांना शिकवता येईल.

येथपर्यंत आमचे मन समाधान पावले होते. आजोबांना उत्तर मिळाले होते, बाईंना मिळाले होते. मग तो तरुण बोलला.

तो आमच्याच धर्मग्रामातील, गोंड कुटुंबातला आहे. आम्ही त्याला मुलांच्या गटावर देखरेखीसाठी नेमले होते. तो म्हणाला, “सर, मी शाळेत असताना आमचीही सहल गेली होती, एका मोठ्या शहरात. पक्षी झाले, साप झाले, मग एक आदिवासी बाप्या होता, मातीचा, हातात धनुष्य. पोरं मला म्हणाली, पाहा रे, तुझा बाप. गुरुजीही हसले. तुमच्या या बंगल्यातही आमचा विभाग आहे म्हणता. मी पोरांना काय सांगू?”

ओसरीवर कोणी बोलले नाही. आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता. आम्ही बसवाल्याला विचारले होते, पालकांना विचारले होते, फादरांची परवानगी घेतली होती. ज्याच्या आजीच्या दागिन्यांसारखे दागिने काचेआड आहेत त्याला आम्ही फक्त मुले मोजायला सांगितले होते.

निसर्गाच्या इतिहासात माणसाला, तेही काही ठराविक माणसांनाच, का बसवले गेले याला इतिहास आहे. अजब बंगला स्थापन झाला त्याच काळात, 1866-67 मध्ये जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. तेथे मध्य प्रांतातील आदिवासी माणसे आणून तपासण्यात आली. त्या तपासणीचा अहवाल 1868 साली नागपुरात छापला गेला आणि त्याच्या शीर्षकातच त्या जिवंत माणसांसाठी ‘नमुने’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला आहे. दगडाचा नमुना, धान्याचा नमुना, तसा माणसाचा नमुना.

याच मातीत त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचे काम करणारा माणूसही होता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपूरला आले. पंथाने ते आपले नव्हेत, पण त्यांचे स्मरण आपण आदराने करावे. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी शोधून अभ्यासले आणि गोंडांमध्ये फिरून त्यांच्या चालीरीती व लिंगोचे गीत लिहून घेतले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले. ते गीत त्यांनी लिहिले नसते तर त्या काळचे त्याचे रूप आज कागदावर नसते. त्यांना प्रेम होते यात आम्हांला शंका नाही. पण प्रेमाने उचललेली वस्तूही उचललेलीच असते; तिची मांडणी कोणी करायची, ती दाखवून कोणी काय म्हणायचे, हे ज्यांची ती आहे त्यांना विचारले गेले नाही. केवढा विरोध आहे पाहा! आपल्या भागातल्या मँगनीजच्या एका खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मॉर यांनी 1909 साली गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले. एकेकाळी दक्षिणेत एकत्र असलेल्या प्रचंड भूखंडाला जगभर ‘गोंडवन’ म्हणतात. दगडाला त्यांचे नाव, खंडाला त्यांचे नाव. आणि त्यांच्या मुलाला शाळेच्या सहलीत नाव नाही, केवळ बोट दाखवणे आहे.

हे सारे इंग्रज अमलावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. 1925 साली पोप अकरावे पायस यांच्या काळात व्हॅटिकनमध्ये मोठे मिशनरी प्रदर्शन भरले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून मिशनऱ्यांनी तेथील लोकांच्या वस्तू पाठवल्या आणि त्या पुढे तेथील संग्रहालयात राहिल्या. काही भेट म्हणून आल्या असतील. परंतु देणारा दुबळा आणि घेणारा बलवान असला म्हणजे ‘भेट’ या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. शंभर वर्षांनी, नोव्हेंबर 2025 मध्ये, पोप लिओ चौदावे यांनी त्यांपैकी 62 वस्तू कॅनडातील मूलनिवासी समाजांसाठी तेथील बिशपांच्या स्वाधीन केल्या. धुरा कोरणारे आजोबा आणि पट्टी परत करणारा नातू, दोघेही आपल्याच घरातले निघाले. यात लाज आहे तसे सांत्वनही आहे.

येथे आमचे शेतीचे उदाहरण अपुरे पडते आणि त्याच वेळी पुढची वाटही दाखवते. मेलेल्या अस्वलाला विचारता येत नाही की तुझ्याकडे कसे पाहावे. म्हणून तेथे आपली अदब पुरेशी आहे. परंतु माणसाचे तसे नाही. ज्या शेजाऱ्याचा धुरा कोरला तो शेजारी जिवंत आहे, आपल्या ओसरीवर बसला आहे, आपल्याबरोबर त्याच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतो. त्याच्यासाठी नुसता आवाज खाली आणून भागणार नाही. त्याला विचारले पाहिजे. माणसाकडे आदराने पाहण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचे ऐकणे. आदरयुक्त मौनसुद्धा, समोरचा बोलू शकत असताना, त्याला वस्तू करून टाकते.

मग सहल रद्द करावी काय? काहींनी तसे सुचवले. तो आदिवासी विभाग तेवढा टाळून पुढे जावे, असेही एकाने सुचवले. तरुणालाच हे मान्य झाले नाही. “टाळलं तर पोरांना वाटेल, लपवण्यासारखं काही आहे,” तो म्हणाला. आम्हांला वाटते त्याचे बरोबर आहे. न पाहिल्याने ऋण फिटत नाही. ज्यांना कधी दाखवलेच गेले नाही ती मुले मोठेपणी बोट दाखवून हसणाऱ्यांत सामील होतात. पाहिले पाहिजे, पण आधी सांगणारा कोण हे ठरले पाहिजे.

म्हणून आमची आखणी आता बदलली आहे. सहलीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मुले त्या तरुणाच्या घरी, त्याच्या आजीच्या अंगणात बसतील. अनेक गोंड कुळांना विशिष्ट प्राणी, पक्षी वा झाड पूज्य असते आणि त्या कुळाचा माणूस त्याला मारीत नाही. आजी आपल्या कुळाची गोष्ट सांगेल. म्हणजे दुसऱ्या दिवशी काचेतील प्राणी पाहताना मुलांना हे ठाऊक असेल की या रानात त्याला जपणारी माणसे शिकाऱ्यांच्या आधीपासून होती. संग्रहालयात सर्व दालने पळत पळत उरकायची नाहीत. प्रत्येक मुलाने एकच जीव निवडावा, त्याच्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे आणि एक प्रश्न घेऊन परतावे. जीवाश्मांजवळ आजोबा उभे राहतील. पक्ष्यांजवळ शिक्षिकाबाई मुलांना खरे ते सांगतील : याला मारले होते. आदिवासी विभागात आम्ही कोणी बोलणार नाही. तेथे बोलायचे असेल तर तो तरुण बोलेल. नसेल बोलायचे तर तेही त्याने ठरवावे. परतल्यावर प्रत्येक घराने एका परतफेडीचा निश्चय करावा, लहान का होईना.

एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. मातीच्या त्या पुतळ्यापुढे हसलेल्या मुलांचे आणि गुरुजींचे हसणे आमच्या आखणीने मागे घेतले जाणार नाही. त्या तरुणाने आम्हांला होकारही एकदम दिला नाही. “आजीला विचारतो,” एवढेच म्हणाला. आम्हीही मग त्याच्याबरोबर तिच्याकडे गेलो. तिने सारे ऐकून घेतले. अजब बंगला तिने पाहिलेला नाही. तेथे आपल्यासारखे कडे, आपल्यासारखे वाद्य ठेवले असेल, हे नातवाने सांगितले तेव्हा ती थोडी हसली आणि म्हणाली, “आपल्याच घरचं पाहाले तिकीट लागते का जी?”

तिच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही. पण ती येणार आहे. बसमध्ये पुढची खिडकीची जागा तिच्यासाठी राखली आहे. कागदावर, मुलांच्या नावांच्या वर, तिचे नाव लिहिले आहे आणि तिचे तिकीट आम्ही काढणार आहोत. वाचकहो, आपल्याही धर्मग्रामातून अशी एखादी सहल निघत असेल तर बस ठरवण्यापूर्वी एवढे पाहावे, की आपण ज्यांना पाहायला निघालो आहोत त्यांच्यांतील कोणी आपल्याच शेजारच्या बाकावर बसले आहे काय.